शनिवारी न येणारा जोनाथन

जोनाथन अष्टमकर मला कधीच आवडला नाही. धाटावच्या आमच्या केमिकल कंपनीत तो सर्व्हर सांभाळतो, मी डिस्पॅच. गेटपास अडला म्हणून फोन करावा, तर म्हणणार, "मशीनला काय झालेलं नाय, तुमचं डोकं रीस्टार्ट करा." पेणहून एसटीत उभी राहून आलेल्या बाईला सकाळी सकाळी हे ऐकायला मिळालं की दिवसाचं वाटोळंच.

पण कामाला पक्का. आमच्या युनिक्स सर्व्हरवर ऑपरेटिंग सिस्टिमच्या दोन प्रती असतात, एक चालू आणि एक राखीव. चालू प्रतीला तो हात लावत नसे. पॅच, म्हणजे सिस्टिमची नवी दुरुस्ती, राखीव प्रतीवर चढवायचा, रविवारी प्लांट बंद असताना मशीन तिच्यावरून सुरू करून बघायचं, आणि काही बिघडलं तर परतायला जुनी प्रत आहेच. शनिवारी मात्र तो यायचा नाही. तो बेने इस्रायल, म्हणजे कोकणातला ज्यू; शब्बाथ पाळणारा, शनिवारी कामाला हात न लावणारा. नोकरीला लागतानाच त्याने हे कबूल करून घेतलं होतं. "आमच्या आज्याचा तेलाचा घाणा शनिवारी बंद असायचा, तर तुमचा सर्व्हर कोण लागून गेला?" हेही वर ऐकवायचा.

मग निलेश आमचा साहेब होऊन आला आणि हा शनिवार त्याच्या डोळ्यांत खुपायला लागला. निलेश तर मला जोनाथनपेक्षाही नकोसा. गोड बोलून गळा कापणारा. "नियम सगळ्यांना सारखा," म्हणत तो निमित्त शोधत होता, आणि जोनाथनने ते आयतं त्याच्या हातात दिलं.

त्यांच्या घरी शनिवारचं जेवण शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत करून ठेवतात. जोनाथनने सर्व्हरचंही तेच केलं. शुक्रवारी राखीव प्रत पॅच केली आणि रविवारचं काम आताच उरकावं म्हणून, मशीन पुढच्या वेळी याच प्रतीवरून सुरू होईल असं लावून घरी गेला. शनिवारी वीज गेली, बॅटरीही संपली. वीज आल्यावर मशीन आपोआप उठलं ते कुणीही न तपासलेल्या नव्या प्रतीवर, आणि वजनकाट्याचा प्रोग्राम उघडेना. भरलेले टँकर काट्यापाशी अडकले. ड्रायव्हर माझा उद्धार करायला लागले. जोनाथनचा फोन बंद.

मला घर माहीत होतं, म्हणून निलेशने मला गाडीत घातलं आणि जोनाथनचं गाव, अष्टमी, गाठलं. अंगणातूनच ओरडला, "बाहेर ये, नाहीतर सोमवारी येऊ नकोस!"

जोनाथन दारात आला. टँकर अडकल्याचं मी सांगितलं. "काल लावलेली प्रत तपासायची राहिली. पण आज नाय येणार. काय करायचं ते करा."

मागून त्याची आई सिपोराबाई आली. मला वाटलं, आता ही निलेशला धुणार. ती उखडली मुलावरच. "काल शिजवलंस, पण चाखून कोणी बघायचं रे? या पोरीने? जा, निस्तर आणि ये."

तो आला. मशीन पुन्हा जुन्या प्रतीवरून सुरू केलं, काटा चालू झाला, टँकर निघाले. निलेश हसत म्हणाला, "बघ, येता येतं की शनिवारी."

जोनाथन खुर्ची मागे सारून घरी निघाला. निलेशच्या कानाखाली वाजवावीशी वाटली मला.

पुढचं पॅचिंग निलेशने मुद्दाम शनिवारी लावलं. रविवार रिकामा असून. वर सकाळी गाडी घेऊन अष्टमीला निघाला आणि मलाही बरोबर ओढलं.

सिपोराबाई दारातच उभी होती. "आज काय बिघडलंय गो?" तिने मला विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं.

"मग तो येणार नाय," ती निलेशच्या तोंडावर म्हणाली.

तिच्या मागे जोनाथन बूट घालून, कंपनीचं ओळखपत्र गळ्यात अडकवून तयार उभा होता.