दहातली किती वर्षं

सत्तरचं दशक अर्धं सरलं होतं तेव्हा मी कळमनुरी तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर नर्स होते. हिंगोली अजून जिल्हा झाला नव्हता, आमचं सगळं परभणीहून चालायचं. माझ्याकडे सात गावं आणि दोन वाड्या. सायकल येत नव्हती, म्हणून सगळं पायी. लस टोचायची, बाळंतिणी बघायच्या, कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनसाठी माणसं तयार करायची. संध्याकाळी गरम पाण्यात पाय घालून बसायचं. वय तेवीस, पण ती वर्षं आठवली की आधी थकवाच आठवतो.

एका हिवाळ्यात शहरातून एक डॉक्टरीणबाई आल्या. त्यांचा काही अभ्यास चालू होता. त्यांची बोली लोकांना कळत नव्हती, म्हणून आठ दिवस मला त्यांच्यासोबत दिलं. त्यांच्या फॉर्मवर बरेच प्रश्न होते, पण मुख्य एकच. समजा तुम्हाला अजून दहा वर्षं आयुष्य आहे, पण आज आहे त्या दुखण्यासकट. त्याऐवजी एकदम ठणठणीत आयुष्य मिळालं, तर त्यासाठी दहातली किती वर्षं सोडाल? कुठलं दुखणं माणसाचं जगणं किती खातं हे त्यावरून मोजता येतं, असं बाई म्हणाल्या. नुसतं कोण मेलं, कोण वाचलं एवढं बघून भागत नाही.

मला ते पटलं होतं. पण दारोदार विचारताना जीभ जड व्हायची. एक म्हातारबा दम्याने धापा टाकत म्हणाले, "दहा वर्षं देनारी तू कोन गं? आधी दे तर खरं, मग सांगतो." बाईंनी ते 'उत्तर नाही' म्हणून लिहून घेतलं.

पाचव्या दिवशी आम्ही मेंढपाळांच्या वाडीवर गेलो. तिथे पस्तिशीची एक बाई होती. तिच्या चारही लेकरांना मीच लसी टोचल्या होत्या. ती कधी फार बोलायची नाही. दुखणं काय विचारलं तर म्हणाली, "काई न्हाई." मी तरी प्रश्न विचारला. ती चुलीपुढे उकिडवी नव्हती, एका कुशीवर कलून बसली होती. बराच वेळ राख सारखी करत राहिली.

"सात सोडीन," ती म्हणाली. "तीन वर्षं बी लई झाली मला."

बाईंनी मान वर केली. मी काहून म्हणून विचारलं. तेव्हा तिने सासू बाहेर आहे का ते पाहिलं आणि हळूच सांगितलं. दुष्काळात खडीच्या कामावर होती. बाळंत होऊन बारा दिवस झाले नव्हते तेव्हा डोक्यावर पाटी घेतली. तेव्हापासून अंग बाहेर येतं, गर्भाची पिशवीच खाली उतरते. फडक्याने बांधून ठेवते. खोकला आला तरी भीती वाटते. नवरा मेंढरं घेऊन वसमतकडे जातो तेव्हा पूर्वी ती सोबत असायची, आता मागेच राहते.

"घरात कुनाला म्हाईत हाय?" मी विचारलं.

"कसं सांगू, बाई?"

बाहेर आल्यावर मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, हिचं आता काय करायचं. त्या थोड्या ओशाळल्या. म्हणाल्या, "मी फक्त उत्तरं गोळा करतेय. इलाज माझ्या हातात नाही." खोटं नव्हतं ते. आठवडा संपला, त्या फॉर्मांची पिशवी घेऊन गेल्या.

मी आमच्या केंद्रावरच्या डॉक्टरांकडे गेले. माणूस वाईट नव्हता, माझ्याइतकाच दमलेला. "सिस्टर, याने कोणी मरत नाही," ते म्हणाले. "मरणाऱ्यांनाच खाटा मिळत नाहीत." मी परत गेले. तिसऱ्या खेपेला त्यांनी मोठ्या दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहून दिली, बहुतेक माझी कटकट थांबावी म्हणून.

आता नवऱ्याची परवानगी हवी होती. तिला विचारून मी त्याला दुखणं सांगितलं. तो म्हणाला, "मेंढरं कोन राखंल? चालती-फिरती तर हाय." मी खूप समजावलं. शेवटी वैतागून जे सांगायला नको होतं ते सांगून बसले. म्हटलं, "दादा, तुमच्या घरवालीला विचारलं होतं, नीट जगता आलं तर दहातली किती वर्षं सोडशील. सात म्हणाली."

त्याने पुन्हा विचारलं, "सात?"

"व्हय."

तो मेंढरांकडे बघत उभा राहिला. मला माझीच लाज वाटली. तिने विश्वासाने सांगितलेलं मी तिसऱ्याच कानात घातलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिला घेऊन उपकेंद्राच्या दारात आला. कुठल्या बसने जायचं एवढंच त्याने विचारलं.

ऑपरेशन झालं. पंधरा दिवसांनी मी दवाखान्यात बघायला गेले, तर ती खाटेला धरून सरळ उभी होती. माझ्यावर रागावली होती. "त्यांना सातचं कशाला सांगितलंत?" एवढंच म्हणाली. मग तिने खाटेवर मला जागा करून दिली. वाडीवर तिची सासू माझी जात बघून माझ्या ओंजळीत वरून पाणी ओतायची. इथे तिने स्वतःचा पेला धुऊन मला चहा दिला.

त्यानंतर चार हिवाळे ती मेंढरांमागे गेली. सेनगावच्या बाजारात भेटली की थांबून बोलायची, लेकरांचं, पावसाचं. पाचव्या वर्षी तापाने गेली. मला महिन्याने कळलं.

पुढे बऱ्याच वर्षांनी एका प्रशिक्षणात सरांनी फळ्यावर हाच हिशोब मांडला. वर्षं किती आणि ती कशी, त्याचा गुणाकार. मी तिचं उदाहरण दिलं. सरांना आवडलं. चारच वर्षं वाढली, तरी हिशोबात किंमत मोठी येते, असं ते म्हणाले. खरं तर ऑपरेशनने एकही वर्ष वाढलं नव्हतं. जी होती ती तिला परत मिळाली.

एक गोष्ट मात्र मी वर्गात सांगितली नाही. तिचं बघून त्याच दुखण्याच्या आणखी तिघी माझ्याकडे आल्या होत्या. दोघींना मी घेऊन गेले. तिसरीच्या घरच्यांनी मला दारातूनच परत पाठवलं. त्यानंतर त्या गल्लीतून जाताना ती दिसायची. मला बघून उंबऱ्याशी उभी राहायची. पुन्हा एकदा विचारायला हवं होतं. पण ऊन असायचं, पुढची दोन गावं बाकी असायची, आणि मी मान खाली घालून चालत राहायचे.