उम्म अल कुवैनला मी मुलाला मारलं

आमच्या वसईत बाजारात उभी राहून आई चाळीस वर्षांच्या मुलाला चपलेने मारू शकते. लोक बघतात, दोघीचौघी हसतात आणि आपापल्या टोपल्या उचलतात. दुबईपलीकडे उम्म अल कुवैनला तसं नसतं. हे मारून झाल्यावर मला कळलं.

दोन महिन्यांच्या व्हिसावर मी मुलाकडे अबुधाबीला गेले होते. तो तिथल्या मुसफ्फा भागात एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर आहे. सून घरीच असायची, नात नऊ वर्षांची. दुसऱ्याच आठवड्यात भिंतीपलीकडून आवाज आला. सकाळी सून पूर्ण बाह्यांचा कुर्ता घालून चहा गाळत होती. विचारलं तर म्हणाली, "कपाटाचं दार लागलं, आई." मी पंचवीस वर्षं नवऱ्याचा मार खाल्लाय. कपाटाचं दार कसं लागतं ते मला माहीत आहे. तरी गप्प बसले. पाहुणी आहोत, असं स्वतःला सांगितलं.

पुढच्या शनिवारी मुलगा म्हणाला, "चल, आईला समुद्र दाखवू." मला समुद्र दाखवणार! चाळीस वर्षं मासळी विकली मी. पण निघालो, दोन तासांवरच्या उम्म अल कुवैनला.

आधी तिथला जुना किल्ला बघितला. मातीच्या रंगाचा, बुटका. आत तोफा, बंदुका, काचेमागे खंजीर. नात पाट्या वाचत होती. म्हणाली, "आजी, धिस वन इज फॉर किलिंग पीपल."

"मग काय, कांदे चिरायला असेल?" मी म्हटलं. ती खिदळली. तेवढ्यात बापाने मागून तिच्या डोक्यात टपली मारली, "आवाज कमी." टपली कसली, चांगलाच फटका होता. पोरगी रडली नाही. तिला सवय होती.

मग मासळीबाजार. सुरा चालवणारे हात आपल्याकडच्यासारखेच. एक फटका, मुंडकं बाजूला, दुसरा फटका, पोट उघडं. मी एक हमूर निवडला, कल्ले उघडून बघून घेतला. पुढे खाडीकडे गेलो. तिवरांमध्ये फ्लेमिंगो उभे होते. लांबून सुंदर. जवळच्या चिखलात एक बगळा खेकड्याला दगडावर आपटत होता. पाय तुटेपर्यंत आपटला, मग गिळला. नात म्हणाली, "यक." मी बघत राहिले.

दुपारी किनाऱ्यावर आलो. आजूबाजूला बरीच कुटुंबं होती, शेगड्या पेटल्या होत्या. मुलाने कोळसा लावला आणि मसाल्याचा डबा मागितला. डबा घरीच राहिला होता.

त्याने सुनेचं मनगट धरून तिला गाडीमागे नेलं. मी चटई घ्यायला डिकीकडे गेले, तेव्हा त्याने तिचा हात पाठीमागे पिरगाळला होता आणि तो तिचं डोकं दारावर आपटत होता. एकदा. दुसऱ्यांदा. ती तोंड मिटून होती. ओरडायचं नाही हे ती शिकली होती, जशी मी शिकले होते.

मी चप्पल काढली आणि त्याच्या तोंडावर मारली. तो वळला तशी परत मारली. ओठ फुटला. तो हात वर करून "आई, अगं आई" म्हणत मागे सरकत मोकळ्या वाळूत आला आणि मी मारतच राहिले. लहानपणी मी त्याला वल्ह्याने बडवायचे. त्याचा बाप मला मारायचा, मी पोराला. हात उचलायला तो आमच्याच घरात शिकला. हे कबूल करायला मला लाज नाही वाटत, राग येतो.

लोकांनी वाळूतलं तेवढंच पाहिलं. कोणीतरी फोन केला. दहा मिनिटांत पोलिसांची गाडी आली.

पोलीस तरुण होता, हिंदी चांगलं बोलायचा. "अम्मा, आपने मारा?"

"हाँ. मैंने मारा."

मुलगा रक्त पुसत मध्ये आला. "साब, माँ है. बूढ़ी है, गुस्सा आ जाता है. कोई कंप्लेंट नहीं."

पोलिसाने त्याचा खांदा थोपटला. "अच्छा बेटा है. खलास."

खलास म्हणजे आम्ही चौघं गाडीत बसणार, घरी जाणार, दार लागणार. माझ्या चपलेची भरपाई सुनेच्या अंगावर होणार.

मी म्हटलं, "साब, खलास नहीं. क्यों मारा, वो पूछो."

सुनेने माझा पदर ओढला. "आई, नका ना. आमचा व्हिसा यांच्यावर आहे. मी जाऊ कुठे?"

"वसईला. माझ्या घरी."

"आणि तिची शाळा?"

"वसईत शाळा नाहीत का? बाई, अंग तुझं आहे. तू बोल. तुला जमत नसेल तर मी बोलते, पण आज बोलणं होणार."

मुलगा दात आवळून म्हणाला, "आई, तू माझी आई आहेस की तिची?"

सून खाली वाळूकडे बघत होती. मग तिने डावी बाही वर केली, कोपराच्याही वर. हिरवे, पिवळे, नवे निळे. पोलिसाने एकदा पाहिलं, मान फिरवली आणि वायरलेसवर बाई पोलिसाला बोलावलं. थोड्या वेळापूर्वी थोपटलेल्या खांद्याला धरून त्याने माझ्या मुलाला गाडीत बसवलं.

ठाण्यात बाई पोलिसाने सुनेला विचारलं, परत याच्याबरोबर राहणार का. सून म्हणाली, "नो." आवाज मोठा नव्हता, पण परत विचारावं लागलं नाही. सून-नात दोघींचे पासपोर्ट त्याच्या कपाटात कुलपात होते. ते त्याला पोलिसांसमोर काढून द्यावे लागले.

त्या दोघी माझ्याबरोबर वसईला आल्या. गावात बायका तोंडावर विचारतात, पोटच्या पोराला पोलिसात देणारी कसली आई? मी म्हणते, उशीर करणारी.

अबुधाबीहून त्याचा फोन येतो. मी उचलते, जेवलास का विचारते. सुनेला दे म्हणाला की ठेवून देते.