जवाईबापूंच्या गाडीचा ब्रेक

माझ्या नणदेच्या नवऱ्याला गाडीबद्दल सगळं माहीत होतं. गाडी तेवढी माहीत नव्हती. आमच्या पोंभुर्ण्याच्या घरात मात्र हे बोलायची सोय नव्हती. ते घरचे जावई. सासूबाई त्यांना जवाईबापू म्हणायच्या, ते आले की पदरानं खुर्ची पुसून द्यायच्या आणि ते जे काही बोलतील त्यावर 'हो न' म्हणायच्या. मी सून. मी चहा करायची आणि ऐकायची.

त्यांची गाडी त्यांच्या वडिलांच्या वेळची. जाड पत्र्याची, गोल पाठीची, आणि चारही चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक. म्हणजे चाकाच्या आत लोखंडी डबा आणि त्या डब्यात दोन अर्धगोल पट्टे. पेडल दाबलं की नळीतल्या तेलाचा दाब ते पट्टे डब्याला आतून भिडवतो आणि चाक थांबतं. हे मला जवाईबापूंनीच किमान वीस वेळा सांगितलं असेल. दर वेळी मी ते पहिल्यांदाच ऐकते आहे अशा थाटात. गोंडपिपरीला माझ्या वडिलांकडे जीप होती आणि लग्नाआधी चार वर्षं ती मी चालवत होते, कापूस भरून जिनिंगपर्यंत नेत होते, हे त्यांनी कधी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. लग्न होऊन आले त्या आठवड्यातच ते म्हणाले होते, "बायांच्या हाती गाडी म्हणजे माकडाच्या हाती कोलीत." सासूबाई हसल्या. मीपण हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

मेकॅनिक या जातीवर त्यांचा विश्वास नव्हता. "लुटतेत सारे," ते म्हणायचे. "ब्रेक ऑइल म्हणे! तेल ते तेल. माह्या घरी डबाभर पडून हाय." हे त्यांनी आमच्याच अंगणात, बॉनेट उघडं टाकून, इंजिनाचं उरलेलं तेल ब्रेकच्या टाकीत ओतता ओतता सांगितलं. वडील जीपमध्ये ब्रेकसाठी वेगळं तेल टाकत, हे मला चांगलं आठवत होतं. मी म्हटलं, "भाऊजी, ब्रेकचं तेल वेगळं राहते न?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सासूबाईंकडे वळून म्हणाले, "घ्या. मास्तरीणबाई आता मले गाडी शिकवून राह्यल्या."

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. त्यांच्या तोंडी ती शिवीच होती. मी भांडी घासायला आत गेले. वाद घातला असता तर काय झालं असतं? काही नाही, पण निदान मी बोलले तरी असते.

पुढं पंधरा-वीस दिवसांनी एटापल्लीला सासूबाईंच्या भावाच्या नातीचा साखरपुडा निघाला. माझ्या नवऱ्याला ऑफिसातून सुटी मिळाली नाही. एसटीनं जाऊ म्हटलं तर जवाईबापूंना अपमान वाटला. "गाडी असतानी येष्टीनं?" सकाळी ते नणदेला घेऊन चंद्रपूरहून आले आणि आम्ही चौघं निघालो. नणदेला गाडी लागते, म्हणून ती मागं आईच्या मांडीवर डोकं टेकून आडवी. मी पुढं, त्यांच्या शेजारी.

आष्टीच्या पुढं लोहखनिजाच्या ट्रकांनी रस्त्याची चाळण करून ठेवलेली. प्रत्येक खड्ड्याला ब्रेक, प्रत्येक ट्रकमागं ब्रेक. आलापल्ली येईपर्यंत माझ्या लक्षात आलं की ते एकदा पेडल दाबत नाहीत, दोनदा दाबतात. मग तीनदा. चाकांकडून जळका वास येत होता.

"भाऊजी, ब्रेक खाली जाऊन राह्यला का?"

"जुन्या गाडीले पंपिंग करावंच लागते. माहीत नसलं त बोलू नये."

"आलापल्लीत दाखवून घेऊ. दहा मिनिटं लागतील."

"दाखवून घेऊ म्हणे!" ते हसले. मागून सासूबाई म्हणाल्या, "त्याइले चालवू दे न वं. काऊन टोकतं?"

आलापल्ली मागं पडली. दोन्ही बाजूंनी सागाचं जंगल लागलं. पानगळ सुरू होती, रस्त्याच्या कडेनं मोठाली वाळकी पानं पसरलेली. दहा-बारा किलोमीटरवर एक उतार आहे, खाली नाला आणि त्यावर अरुंद पूल. उताराच्या मध्यावर आलो तेव्हा पुलावर समोरून ट्रक चढताना दिसला. जवाईबापूंनी पाय दाबला. पेडल खट्‌कन तळाला गेलं आणि तिथंच राहिलं.

"नाई लागून राह्यला," ते म्हणाले. मग ओरडले, "ब्रेक नाई लागून राह्यला!"

मी हँडब्रेक ओढला. तो ढिल्या दोरीसारखा हातात आला. त्याची तार कधीचीच तुटलेली होती आणि हे त्यांना माहीत होतं. वीस वेळा ब्रेक समजावणाऱ्या माणसाला स्वतःच्या गाडीचा हँडब्रेक दुरुस्त करावासा वाटला नव्हता.

"क्लच दाबा!" मी म्हटलं. त्यांनी दाबला. मी गिअर ओढून खालचा टाकला. "सोडा आता, क्लच सोडा!"

ते सोडेनात. दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट, डोळे त्या ट्रकवर आणि डावा पाय क्लचवर रुतलेला. गिअर टाकूनही गाडी मोकळी धावत होती, उलट जास्तच. मागं नणंद उठून बसली होती आणि सासूबाई देवाचं नाव घ्यायला लागल्या होत्या. मी वाकून जवाईबापूंचा गुडघा दोन्ही हातांनी धरला आणि वर ओढला. आमच्याकडं नणदेच्या नवऱ्यासमोर सून डोक्यावरचा पदर ढळू देत नाही. इंजिन मोठ्यानं किंचाळलं आणि गाडीला असा हिसका बसला की माझं कपाळ समोरच्या पत्र्यावर आपटलं. वेग कमी झाला, पण पूल पुढं होताच. डाव्या कडेला रस्त्याच्या कामासाठी टाकलेला मुरमाचा ढीग होता. मी स्टिअरिंग ओढलं. गाडी त्या ढिगात नाक खुपसून थांबली. ट्रक हॉर्न वाजवत बाजूनं निघून गेला.

जवाईबापू म्हणाले, "तुमी हात काऊन घातला? मी थांबवतच होतो."

मला त्या क्षणी राग आला नाही. मला त्यांची किळस आली.

मोबाइलला रेंज नव्हती. मोटरसायकलवरून एक वनरक्षक आलापल्लीकडं चालला होता, त्याला थांबवून मेकॅनिकला निरोप दिला. तासाभरानं एक साठीचे मुसलमान गृहस्थ स्कूटरवर आले. पांढरी दाढी, पायात रबरी चपला, हँडलला हत्यारांची पिशवी. जवाईबापूंनी लगेच पुढं होऊन त्यांना रोगाचं निदान सांगितलं : पाइपात हवा शिरली आहे, हवा काढून द्या, दहा मिनिटांचं काम. चाचांनी ऐकून घेतलं, जॅक लावला, मागचं चाक काढलं आणि हातोडीनं हळूहळू ठोकत तो लोखंडी डबा सोडवला.

आतले पट्टे काळे, ओले, तेलानं चिकट झालेले. त्यांच्यावरच्या छोट्या सिलिंडरमधून त्यांनी बोटाएवढं रबर काढून तळहातावर ठेवलं. रात्रभर भिजवलेल्या चण्यासारखं ते फुगलं होतं, कडा फाटून लोंबत होत्या.

"ये कायले फुगलं मालूम हाय?" त्यांनी विचारलं आणि बॉनेट उघडून ब्रेकच्या टाकीत बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं, नाकाशी नेलं. "बाई, थोडं पाणी देता?"

मी माझी बाटली दिली. तिच्या झाकणात पाणी घेऊन त्यांनी टाकीतल्या तेलाचे चार थेंब त्यात सोडले आणि झाकण आम्हा सगळ्यांसमोर धरलं. "ब्रेकचं तेल पाण्यात मिसळून जाते. हे पाहा, उपर तरंगून राह्यलं. इंजिनचं हाय हे. इंजिनच्या तेलानं रबर खराब होते. किसने डाला?"

"चंद्रपूरच्या मेकॅनिकनं टाकलं असन," जवाईबापू म्हणाले. "म्हणून मी म्हणतो, सारे चोर."

मी तोंड उघडलं होतं. पण माझ्याआधी सासूबाई बोलल्या, अगदी साधेपणानं, जावयाची बाजू घ्यायला म्हणून : "नाई जी, मेकॅनिक कायले! जवाईबापूंनं सोताच टाकलं न आमच्या आंगनात. त्याइले सारं येते."

चाचा हसले नाहीत. त्यांनी फक्त झाकणातलं पाणी मुरमावर ओतलं. जवाईबापूंनी खिशातून रुमाल काढून मान पुसली. आणि सासूबाई, आपण काय बोललो ते हळूहळू उमगत, एकदा त्यांच्याकडं, एकदा त्या फुगलेल्या रबराकडं आणि मग माझ्या कपाळावरच्या टेंगळाकडं पाहत राहिल्या.

गाडी तिथं दुरुस्त होणार नव्हती. चारही चाकांची रबरं बदलायची, पाइप धुवायचे, नवे पट्टे लावायचे; ती गॅरेजात न्यायलाच हवी होती. चाचांनी धानाची पोती पोचवून परतणारा ट्रॅक्टर थांबवला. पण दोरी लावू देईनात. "रस्सीनं ओढली अन् ट्रॅक्टर थांबला, तर ये जाऊन पिछेसे ठोकेल. ब्रेक नाई न इला." चाक परत बसवून गाडी ढिगातून काढली, तिचं तोंड आलापल्लीकडं फिरवलं. कडेला पडलेली एक लांब लाकडी बल्ली आणून त्यांनी तिचं एक टोक ट्रॉलीला आणि दुसरं गाडीला साखळीनं आवळलं. आता गाडी ट्रॅक्टरला धडकू शकत नव्हती. फक्त कुणीतरी स्टिअरिंग धरून बसायला हवं होतं.

जवाईबापूंची कंबर त्याच वेळी दुखायला लागली. "हिसका बसला न मघाशी," ते म्हणाले आणि ट्रॉलीवर चढून बसले. नणदेनं नवऱ्याकडं पाहिलं नाही. तीही ट्रॉलीत चढली. ट्रॅक्टरवाला चाचांकडं पाहायला लागला, चाचा स्कूटरकडं.

"मी बसतो," मी म्हटलं.

"तुले येते?" सासूबाईंनी विचारलं.

"येते."

मी बसले. आणि सासूबाई, ट्रॉलीत जावयाशेजारी जागा असताना, दार उघडून माझ्या बाजूच्या सीटवर येऊन बसल्या. दहा-बारा किलोमीटर आम्ही त्या बल्लीच्या मागं चालत्या माणसाच्या वेगानं गेलो. त्या समोरच्या पत्र्याला धरून बसल्या होत्या. एकदाही त्यांनी देवाचं नाव घेतलं नाही.

आलापल्लीहून भाड्याची जीप करून एटापल्लीला पोचलो तेव्हा साखरपुडा होऊन पंगत बसली होती. उशीर का झाला हे सांगायचं काम जवाईबापूंनी स्वतःकडं घेतलं. मुलीच्या सासरची माणसं भोवती होती. "समोरून ट्रक, खाली नाला," ते सांगत होते. "मी म्हटलं, घाबरायचं नाई. टाकला गेअर, न घातली मुरमात. बायामाणसं नुसत्या रडून राह्यल्या." त्यांच्या पानात बुंदी पडत होती आणि लोक माना डोलवत होते. माझ्या कपाळावर हळद लावलेली होती. ती का, हे एकानंही विचारलं नाही. मी गप्प जेवले. परक्यांच्या कार्यात तमाशा नको, असं मी स्वतःला समजावलं. पण खरं सांगायचं तर ती इतक्या वर्षांची सवय होती, शहाणपणा नव्हता. त्यांच्याइतकाच तिरस्कार मला त्या दिवशी माझ्या गप्प बसण्याचा वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते म्हणाले, गाडी संध्याकाळपर्यंत होईल, थांबून सोबतच जाऊ. सासूबाईंनी पिशवी उचलली. "तुमी या मागून. मी येष्टीनं जातो." मग माझ्याकडं वळून, "चाल वं."

एसटीत त्या खिडकीशी बसल्या. माफी मागणं त्यांच्या स्वभावात नव्हतं आणि मी तिची वाटही पाहत नव्हते. वैनगंगेच्या पुलावर बस आली तेव्हा त्या बाहेर पाहत म्हणाल्या, "माह्या डोळ्याचं आपरेशन हाय पुढच्या महिन्यात, चंद्रपूरले. तू नेशीन?"

"आपल्याकडं गाडी कुठी हाय?"

"भाड्यानं घेऊ. पन डायवर नको."

मी लगेच हो म्हटलं नाही. त्यांना थोडं थांबू दिलं. मूलच्या रस्त्यानं न्यावं की बल्लारपूरच्या, याचा विचार करत मी पुलाच्या दुसऱ्या टोकापर्यंत गप्प राहिले, आणि मग म्हटलं, "नेतो. पन गाडी मी पाहून घेईन."