फटाके न मारणारी गाडी

नोकरीतल्या कितीतरी केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत, पण सुरतेतल्या पर्वत पाटिया भागातली लाल मोटारसायकलची केस मला अजून जशीच्या तशी आठवते. कारण सोपं आहे. त्यात चुकीचा माणूस मी स्वतः उचलून आणला होता. नावं कुणाचीच सांगणार नाही.

मी तेव्हा त्या भागात पी.आय. होतो. वडील खानदेशातून लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला आले, मी सुरतेतच वाढलो आणि गुजरात पोलिसांत भरती झालो. कानठळ्या बसवणारे सायलेन्सर ऐकले की माझं डोकं सणकायचं. आम्ही ते काढून घ्यायचो आणि रोडरोलरखाली चेपायचो. मला त्यात मनापासून समाधान वाटायचं, खोटं कशाला बोलू!

एके सकाळी, लूमची पाळी बदलते त्या वेळी, एक नवरा-बायको कामावर जायला रस्ता ओलांडत होते. तो खानदेशी, लूमवर मास्तर, म्हणजे मशीन दुरुस्त करणारा, ती त्याच कारखान्यात बॉबिन भरायची. भरधाव लाल मोटारसायकल आली, बाईला उडवलं आणि न थांबता निघून गेली. बाईच्या डोक्याला मार बसला, ती बेशुद्धच होती. कॅमेऱ्यात लाल गाडी, हेल्मेट आणि वर वाकवलेली नंबरप्लेट, एवढंच दिसत होतं. बघणारे सगळे एकच सांगत होते, आवाज फार मोठा होता.

तिसऱ्या दिवशी बातमीदाराने खबर दिली. एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात काम करणारा एक तरुण, नवी लाल गाडी, सायलेन्सरचा मोठा पाइप, रोज त्याच वेळी त्याच रस्त्याने जातो. आम्ही नाकाबंदी लावली. त्याने आम्हाला पाहिलं, गाडी वळवली आणि पळाला. अर्ध्या किलोमीटरवर पकडला. ‘पळाला म्हणजे केस उघडली,’ असं मी ठाण्याची लिखापढी करणाऱ्या जमादाराला म्हणालोसुद्धा.

घरचे मूळचे मराठवाड्याचे, पण पोरगा सुरतेत वाढलेला. निम्मं मराठी, निम्मं हिंदी-गुजराती बोलायचा.

“साहेब, त्या रस्त्यानं मी गेलो होतो, पण कोणाला ठोकलं नाही. सच्ची!”

“मग पळालास कशाला?”

“तुम्ही पाइप काढून घ्याल म्हणून.”

मी त्याच्या कानाखाली एक वाजवली. तो रडला नाही, उलट हट्टाला पेटल्यासारखा बोलत सुटला. “तीन महिने लागले साहेब हा पाइप निवडायला. पहिला बघितला तो हलका, पण त्याचा आवाज फाटका. दुसऱ्याचा आवाज चांगला, पण पाय भाजायचा. तेव्हा कुठे हा घेतला. आणि नुसता पाइप नाही लावला, ट्यूनिंग पण करून घेतलं. पाइप मोकळा केला की इंजिन जास्त हवा घेतं, पेट्रोल मात्र कंपनीनं ठरवलं तेवढंच येतं. मग थ्रॉटल सोडला की पाइपमधून फटाके वाजतात. काहींना तेच आवडतं. मला नाही चालत, इंजिनची वाट लागते, म्हणून ट्यूनिंगमध्ये पेट्रोल वाढवून ते बंद केलं.”

“मी तुला इथे गॅरेज उघडायला बोलावलंय का?” असं म्हणून मी त्याला लॉकअपमध्ये टाकला. बाहेर बाकावर त्याचा मोठा भाऊ बसून होता. आठ दिवसांवर पोराचा साखरपुडा होता. पोलिसांनी उचलल्याचं कळताच मुलीच्या वडिलांनी फोन करून संबंध मोडला होता. हे भावानेच मला सांगितलं. मी कागदपत्रं चाळत बसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला कोर्टात हजर करायचं होतं. जमादाराने रिमांडचा कागद लिहून ठेवला. सकाळी मी मास्तरला गाडी ओळखायला बोलावलं, दोन पंच उभे केले. जमादाराने गाडी चालू केली. मास्तरने रंगाकडे पाहिलंच नाही. पाइपजवळ उकिडवा बसला आणि म्हणाला, “जोरात वाढवा नि एकदम सोडा.” जमादाराने तसं केलं. मास्तरने पुन्हा करायला लावलं, मग पुन्हा.

“हाई ती गाडी नही, साहेब.”

“अहो, नीट पाहा! लाल आहे, आवाज आहे.”

“ती गाडी हात सोडला की फट-फट करत होती. हिचा आवाज सलग उतरतोय.” मग मला समजावून सांगावं तसं बोलला, “शंभर लूम चालू असतात साहेब, त्यात कुठल्या मशीनचा ठोका चुकतोय ते आम्ही कानानं धरतो.”

मी चिडलो. तुमची बायको दवाखान्यात पडली आहे, तुम्हाला याला सोडायचंय का, असं विचारलं. बिचाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण माणूस जागचा हलला नाही. “मनी बायकोले ज्यानी ठोकं, तोच पाहिजे माले. दुसरा नको.”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. फटाके! पोरगा काल तेच सांगत होता. पण अपघातानंतर घाबरून त्याने ट्यूनिंग करून घेतलं असेल तर? तपास अर्धवट सोडायची मला सवय नव्हती. रिमांडचा कागद बाजूला ठेवला आणि पोराकडून पत्ता घेऊन तडक त्याच्या ट्यूनिंगवाल्याच्या गॅरेजला गेलो.

त्याने लॅपटॉप उघडला. पोराच्या गाडीची फाइल अपघाताच्या अकरा दिवस आधीची होती. मी विचारलं, अशीच लाल गाडी, असाच पाइप, पण ट्यूनिंग नाही, असं कोणी? त्याने डोकं खाजवलं. “छे ने साहेब, आहे एक, सचिन गाववाळा भाई. में कह्युं ट्यून करावो, तो कहे, मने तो फटाका ज जोईए.” म्हणजे त्याला फटाकेच हवे होते. तोच भाई अपघाताच्या दुसऱ्या दिवशी येऊन कंपनीचा सायलेन्सर परत बसवून गेला होता आणि काढलेला पाइप पोत्यात घालून घरी घेऊन गेला होता.

सचिन ही सुरतेजवळची औद्योगिक वसाहत. तिथल्या एका केमिकल युनिटमध्ये तो सुपरवायझर होता. चाळिशीचा, चष्मेवाला, घरी आम्हाला चहा विचारणारा. पोतं माळ्यावर सापडलं. पाइपवर काळं, कडक काहीतरी चिकटलेलं होतं आणि ते पाहून मला माझीच लाज वाटली. बाईच्या साडीच्या पंचनाम्यात ‘पदर वितळून भोक पडलेले’ असं लिहिलं होतं आणि खाली सही माझी होती. सुती साडी असती तर जळून राख झाली असती. सुरतची पॉलिस्टर साडी तापलेल्या पाइपला लागली की वितळते आणि चिकटून बसते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पोराचा पाइप चकचकीत होता. तो मी वाकून पाहिलासुद्धा नव्हता.

भाईने कबुली दिली. “थांबलो असतो तर लोकांनी मारून टाकलं असतं, साहेब.” पुढे प्रयोगशाळेचा अहवालही जुळला. बाई नवव्या दिवशी शुद्धीवर आली. चालताना थोडी लंगडते, पण कामावर जाते.

पोराला मी पोतं सापडलं त्याच दुपारी सोडलं. सायलेन्सरच्या दंडाची पावती मात्र फाडली, कायदा तो कायदा. त्याने सही केली. पण माझ्या मनाला चैन नव्हतं. संध्याकाळी वर्दीवरच चलथाणला गेलो. मुलीचे वडील साखर कारखान्याजवळ राहायचे. दारात सरकारी गाडी पाहून त्यांचा चेहरा उतरला.

“तुमचा होणारा जावई निर्दोष आहे,” मी म्हणालो. “चूक माझी झाली. मी त्याला मारलं, तेही चुकलं.”

त्यांनी मला बसायला सांगितलं नाही. “निर्दोष होता तर पळाला कशाला?”

हाच प्रश्न मीही विचारला होता, आणि पोराने उत्तर दिल्यावर त्याच्या कानाखाली वाजवली होती.

“आम्हाला घाबरून पळाला,” मी म्हणालो. “त्यानं खरं सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.”

त्यांनी मुलीला हाक मारली, म्हणाले, “साहेब काय म्हणतात ते तूच ऐक.” तिच्यासमोर मी सगळं पुन्हा सांगितलं. सगळ्या नोकरीत एवढा अवघड जबाब मी दिला नाही. मुलीने ऐकून घेतलं आणि वडिलांना म्हणाली, “फोन लावा त्यांच्या भावाला.”

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत माझ्या समोरून पळालेला प्रत्येक माणूस मी पकडला. पण पकडल्यावर आधी त्याला पाणी दिलं आणि त्याचं सगळं ऐकून घेतलं.