चोवीसात बाविसावे आबा

ऊसतोड सुरू झाली की आमच्याकडच्या प्रत्येक पुरुषाच्या डोळ्यात वजनकाटा बसतो. रस्त्यानं भरलेल्या ट्रॉल्या निघाल्या की टपरीवरचा माणूस चुना मळता मळता टन सांगून मोकळा होतो. काट्यावरची पावती बघायला कुणी जात नाही, त्यामुळे सगळेच बरोबर असतात.

यंदाच्या जत्रेत कुंडलजवळच्या आमच्या गावानं या फुशारकीचीच स्पर्धा लावली. उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या देवळासमोर उभ्या करायच्या, ज्यानं त्यानं आपला अंदाज चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचा, मग ट्रॅक्टर काट्यावर न्यायचा. खऱ्या वजनाच्या सगळ्यात जवळ जो असेल त्याला फेटा. निकाल लावायला शिकलेला माणूस पाहिजे होता. मी साताऱ्यात एका कचेरीत वीस वर्षं तक्ते भरतोय, आणि कुणी न विचारता हे सांगायची मला खोड आहे. काम माझ्याकडे आलं.

चोवीस चिठ्ठ्या निघाल्या. त्यातली एक माझ्या चुलत्यांची, आबांची. बाकीच्यांना फेटा हवा होता, आबांना बांध हवा होता. ट्रॉली भरताना बांधावर उभं राहून "बास" म्हणायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. ते बास म्हणाले की तोडणीची टोळी थांबायची. थंडीत सांगलीला त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा मुलगा, म्हणजे आमचा थोरला दादा, म्हणाला, "आबा, आता घरी बसा. तुमास्नी अंदाज येत न्हाई." आबांनी दोन दिवस तंटा केला. शेवटी ठरलं असं, की जत्रेत पहिल्या तिघांत आले तर बांधावर उभं राहायचं, नाहीतर ओसरीवर बसायचं.

हे सगळं मला माहीत होतं. तरीही मी काय केलं ते ऐका.

काट्यावरून पावतीचा फोटो आला. निव्वळ ऊस एकोणीस पूर्णांक चार टन. मी फोनवर तक्ता केला, प्रत्येकाच्या अंदाजातून खरं वजन वजा केलं आणि फोनला सांगितलं, लहानापासून मोठ्याकडे लाव. ज्याचा फरक लहान तो पहिला, यात चुकायला काय आहे? वरची तीन नावं कागदावर उतरवली आणि माइकवाल्याच्या हातात दिली. सगळं दोन मिनिटांत. कचेरीत याच कामाला मी दोन दिवस लावतो, म्हणून जरा छातीही फुगली होती.

पहिले आले आबांचे जावई, आमचे पुण्याचे दाजी. त्यांची उसाशी ओळख रसाच्या ग्लासापुरती. पण जावईच पहिला आला म्हटल्यावर गावानं टाळ्या वाजवल्या आणि गुलाबी फेटा बांधला. दाजींनी तिथल्या तिथे, जन्मभर ऊस लावलेल्या माणसांना अंदाज कसा करावा ते समजावून सांगितलं. म्हणाले, घनफळ आणि घनतेचा साधा हिशोब आहे. मी मान डोलावली. मला घनताही कळत नाही, पण मान मी कुठेही डोलावतो.

दादानं मला बाजूला घेऊन विचारलं, "आबा कितवं?"

"बाविसावे."

जवळच उभ्या असलेल्या आबांनी काठी या हातातून त्या हातात घेतली, इतकंच.

माझी लेक नववीत आहे. तिनं माझा फोन घेतला, तक्ता वरपासून खालपर्यंत बघितला आणि बापाकडे बघावं तसं न बघता माझ्याकडे बघितलं.

"पप्पा, दाजींनी बारा टन लिहिलंय."

"मग?"

"मग फरक वजा सात पूर्णांक चार. वजा आहे म्हणून सगळ्यात लहान. म्हणजे जो सगळ्यात जास्त चुकला त्याला तुम्ही पहिला नंबर दिलाय. आबांचा फरक शून्य पूर्णांक एक, खरं तर सगळ्यात कमी."

"अगं, पण वजा म्हणजे कमीच ना."

"केवल मूल्य घ्यायचं असतं. शून्यापासून किती लांब, एवढंच. कुठल्या बाजूला ते विचारायचंच नाही. तुम्हाला शिकवलं नव्हतं का?"

शिकवलं होतं की. दोन उभ्या रेघांच्या मध्ये संख्या बसवायची आणि वजाचं चिन्ह, न्हाव्यानं मिशी काढावी तसं काढायचं. पाचपैकी पाच गुण पडले होते. पण ते कशासाठी काढायचं, हे मी विचारलं नाही आणि गुरुजींनीही सांगितलं नाही. दोघांचाही वेळ वाचला.

मी गप्प बसायचं ठरवलं. जावयाच्या डोक्यावर बांधलेला फेटा उतरवायला लावणं म्हणजे आमच्याकडे घरात दोन पिढ्यांचा अबोला. लेकीला म्हटलं, जाऊ दे, खेळ आहे. तिनं फोन माझ्या खिशात परत ठेवला आणि जेवणाच्या पंगतीत मुद्दाम दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

मटणाचा रस्सा वाढून होतोय तोवर दादानं विषय काढला. दाजी बाहेर फेट्यातले फोटो काढून घेत होते.

"आबा, उद्यापास्नं तुमी वसरीवर. ठरलं तसं."

"व्हय," आबा म्हणाले आणि भाकरी कुस्करायला लागले. एरवी प्रत्येक गोष्टीत तंटा करणारा माणूस. ते "व्हय" मला गिळेना. पंगतीच्या दुसऱ्या टोकावरून दोन डोळे माझ्याकडे लागलेले होतेच.

"दादा, आबा पहिले आहेत," मी म्हणालो. "माझा तक्ता चुकला."

"पैला? आन् बाविसावा कसा झाला?"

मी समजावायला लागलो. वजा, अधिक, शून्य, रेघा. दादाचा चेहरा घट्ट होत गेला. मीही माझ्याच वाक्यात दोनदा अडकलो. शेवटी आबाच म्हणाले, "आरं, सोपं हाय. कुंडलातनं साताऱ्याकडं दोन मैल गेलास काय आन् सांगलीकडं दोन मैल गेलास काय, पायताण तेवढंच झिजतंय. ह्यो शाणा म्हणतोय, सांगलीकडं गेला त्यो गेलाच न्हाई."

चौथी शिकलेल्या माणसानं एका घासात संपवलं. लेक हसली. माझ्याकडे बघून नव्हे.

"पर पोरी, तुज्या रेघांस्नीबी समदं कळत न्हाई," आबा तिला म्हणाले. "मी जादा धरला तर बास लवकर म्हणतोय, ट्रॉली जरा रिकामी जाती. पाव्हण्यांनी बारा धरून एकोणीस भरला, तर ट्रॉलीखालचं पाटं मोडून ऊस रस्त्यावर. किती चुकला ते रेघा सांगत्यात. कुणीकडं चुकला ते ट्रॉली सांगती."

मी म्हणालो, माइकवरून चूक कबूल करतो.

"गप बस," आबा म्हणाले. "जावयाच्या डोक्याचा फेटा काढत्यात व्हय? मला फेटा काय करायचाय? डोस्कं हाय कुठं बांधायला, समदं टक्कल."

दादा खाली मान घालून जेवत राहिला.

सकाळी आम्ही परत निघायच्या आधी मळ्यात भरणी चालू होती. दाजीही बघायला आले होते, फेटा त्यांच्या गाडीच्या मागच्या काचेशी ठेवलेला. आबा घरून आपले आपण चालत आले आणि बांधावर नेहमीच्या जागी उभे राहिले. दादानं बघितलं आणि दोर ओढत राहिला. मोळ्या चढत होत्या. बऱ्याच वेळानं आबा हळूच म्हणाले, "बास."

टोळीचा मुकादम दादाकडे बघायला लागला.

"अजून पुष्कळ बसेल की," दाजी म्हणाले.

दादानं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मुकादमाला म्हणाला, "ऐकलं न्हाई व्हय? बास म्हणाले न्हवं."