स्वतःच्या नावावर एक तास

तुम्ही तीन हजार तास हवेत काढलेत आणि सरकारनं त्यातला एकही धरला नाही, तर तुम्ही काय कराल? तात्यांचं तसं झालं, तेव्हा मी पत्रक काढलं. त्यांनी स्वतः काय केलं, ते सांगते.

आमच्या गावात, लासुर्ण्यात, त्यांना सगळे पायलट तात्या म्हणत. फुकट मिळणारा मोठेपणा परत करणारा माणूस मी तो एकच पाहिला. फाट्यावर कुणी हाक मारली की सायकल थांबवून सांगायचे, "पायलट न्हाय. फ्लाइट इंजिनिअर."

"म्हंजी कंडक्टर का, तात्या?"

"तसंच समजा," म्हणून ते पुढं जायचे.

हवाई दलाच्या मालवाहू विमानात दोन पायलटांच्या मागं बसून चार इंजिनांवर नजर ठेवायची, हे त्यांचं वीस वर्षांचं काम. एकेकाळी मेंढरं राखणारं घर. आता भावाचा ऊस होता आणि उसाच्या कडेला दोन खोल्यांत तात्या एकटे राहत. लग्न राहून गेलेलं. त्यांना जे कळत होतं ते ऐकून घेणारं गावात कुणी नव्हतं. जेवणाचं ताट घेऊन येणारी वहिनीसुद्धा दारातूनच परत जायची.

वेळ मोजायची त्यांची रीत निराळी होती. "बारामती, पन्नास मिनिटं," असं सांगायचे. एसटीला दीड तास लागलेला मला ठाऊक असायचा. "स्टँडवर घुरघुरत हुबी हुती, ते धरायचं न्हाय," हे वर.

नव्वदच्या दशकाच्या मध्यात बारामतीच्या धावपट्टीवर विमान चालवायला शिकवणारे आले, तेव्हा तात्या पायलटच्या परवान्यासाठी आपली जाडजूड उड्डाणवही घेऊन गेले. तिथल्या साहेबांनी एकेक पान आदरानं उलटलं. मग म्हणाले, "सरकारी नियमानं हे सगळे तास नुसते विमानात असल्याचे. पायलट म्हणून शून्य."

मी तेव्हा बारामतीत कॉलेजला होते. वडिलांनी चळवळीतून घरी आणलेली पत्रकं वाचत वाढलेली मी, डोकं भडकलं. 'तीन हजार तास विमान चालवणाऱ्या सैनिकावर अन्याय' असं छापून एसटी स्टँडभर वाटलं. दुसऱ्या दिवशी तात्या कॉलेजच्या पायऱ्यांवर बसलेले. चहाच्या गाड्यावरून, न्हाव्याच्या दुकानातून, जिथून मिळालं तिथून गोळा केलेला गठ्ठा मांडीवर.

"पोरी, पेन काढ. 'चालवणाऱ्या' खोड. सगळ्यांवर."

"मग अन्याय काय उरला, तात्या?"

"तो तू शोध. खोटं माझ्या नावावर नगं."

दुपारभर आम्ही खोडत बसलो. माझी चिडचिड झाली, पण एकही प्रत त्यांनी सुटू दिली नाही.

मग पुण्याहून त्यांच्या जुन्या कॅप्टनचं पत्र आलं. लांबच्या सरळ उड्डाणांत ते तात्यांच्या हाती विमान देत असत. तेवढ्यावर दोनशे तास सहपायलट म्हणून लिहून द्यायला ते तयार होते. मला वाटलं, सुटलो.

"हातात दिलं होतं ना?" मी विचारलं.

"व्हय, दिलं हुतं."

"मग घ्या की सही."

तात्यांनी पत्राची घडी घातली. "एकदा डोंगरात दोन इंजिनं बंद पडली. कुठली दोन चालू हायत, ते मी सांगितलं. चौकीवर रेशन टाकायचं का माघारी फिरायचं, ते कॅप्टनसाहेबांनी ठरवलं. ठरवील त्याचा तास." मग हळूच म्हणाले, "मला एकदा ठरवायचं हाय, पोरी. एक तास तरी माझ्या नावावर."

त्यांनी कॅप्टनना नम्र नकार कळवला आणि शून्यापासून सुरुवात करायला निघाले. शून्यावरची पहिली पायरी डॉक्टरांची तपासणी. तिथं कळलं, डावा कान जवळजवळ गेलाय, उजवा अर्धा उरलाय. वीस वर्षांत इंजिनांनी दोन्ही खाल्ले होते. परवाना मिळणं शक्य नव्हतं.

"बघ," परतताना तात्या एसटीत म्हणाले, "कुणी तरी धरलंच की माझं तास."

ते हसत नव्हते.

आता मी इंदापुरात नोकरी करते. फोनवर त्यांना ऐकू येत नाही. त्यांची वहिनी सांगते, हल्ली ते फाट्यावरही येत नाहीत. प्रत्येक गोष्ट दोनदा विचारायची त्यांना लाज वाटते. मी महिन्या-दोन महिन्यांनी जाते. ते पुरत नाही, हे मला माहीत आहे.

पत्रकांवरचा माझा विश्वास उडालेला नाही. पण आजचं मागणं सरकारकडं नाही, तुमच्याकडं आहे. बारामती-इंदापूर रस्त्यानं कधी निघालात तर लासुर्ण्याला उतरा. तात्यांच्या उजव्या बाजूला बसा, तोंड त्यांच्याकडं करून सावकाश बोला. विचारा, त्या दिवशी डोंगरात तुमच्या हाती असतं तर तुम्ही काय ठरवलं असतं? आणि त्यांचं उत्तर येईपर्यंत उठू नका.