आबांचे पांढरे कपडे आणि माझी डिटर्जन्सी

डिटर्जन्सी या शब्दाचा अर्थ आमच्या घरात आता सगळ्यांना माहीत आहे. तो मी समजावून सांगितला. तेव्हापासून मला घरात कोणी काहीही समजावून सांगू देत नाही.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. संगमनेरला बी.एस्सी. करतो, विषय रसायनशास्त्र. पाहुणे आले की आबा, म्हणजे माझे वडील, मला समोर उभं करायचे आणि म्हणायचे, "ह्यो आमचा सायन्सवाला." मी मान खाली घालायचो. आतून फार बरं वाटायचं.

मग थोरल्या दादाचं लग्न झालं आणि मनीषा वहिनी घरी आल्या. स्वभावाने चांगल्या. अडचण एकच, त्या कपडे धुवायच्या. आबांचा पांढरा सदरा असा काही निघायचा की दोरीवरचा सदरा बघताना डोळे बारीक करावे लागत! आता पाहुणे आले की आबा स्वतःचीच बाही पुढे करायचे. "बघा, सूनबाईनं धुतलाय. पोरीच्या हाताला लई गुण हाय." पाहुणे बाही चाचपून माना डोलवायचे. सायन्सवाला मागे चहाचे कप घेऊन उभा!

मला वहिनींचा अजिबात राग नव्हता. (होता.) आबांनी एकदा तरी चारचौघांत म्हणावं, "हे आमच्या गणेशनं केलंय," एवढीच माझी इच्छा होती.

नेमका त्याच सुमारास कॉलेजात साबणाचा धडा सुरू झाला. मॅडमनी फळ्यावर लिहिलं, ‘डिटर्जन्सी’. म्हणजे स्वच्छ करण्याची ताकद. कापडाला धरून बसलेला मळ सोडवायचा, पाण्यात तरंगत ठेवायचा आणि पुन्हा कापडावर बसू द्यायचा नाही, हे सगळं त्या एका शब्दात येतं. मॅडम पुढे म्हणाल्या, "फेस जास्त म्हणजे डिटर्जन्सी जास्त, असं नसतं. आणि निळीने कपडा पांढरा दिसतो, स्वच्छ होत नाही."

माझ्या डोळ्यांसमोर वहिनींची बादली उभी राहिली. वर ढीगभर फेस, शेजारी निळीची बाटली! सापडल्या!

त्या दिवशी जेवताना मी घसा खाकरून विषय काढला. "आबा, शास्त्राच्या दृष्टीने बघितलं तर... म्हणजे मी वहिनींना काही म्हणत नाही... पण नीळ घातल्याने घाण निघत नाही. ती फक्त दिसत नाही."

भाकरी मोडणारे हात थांबले.

"म्हंजी मी घान सदरा घालून हिंडतो?" आबांनी विचारलं.

"गण्या, तुला कालवण वाढू का तोंड बंद करतो?" आई म्हणाली.

वहिनी मात्र हसत म्हणाल्या, "असू द्या आई. भाऊजी, एकदा तुम्हीच दाखवा की धुवून. आम्हालाही शिकायला मिळंल."

"व्हय, बघू तरी," आबा म्हणाले. झालं, मी अडकलो!

संधीही लगेच आली. लग्नानंतरचं जागरण-गोंधळ राहिलं होतं, ते त्याच आठवड्यात झालं. घरी दळलेल्या हळदीचा भंडारा दादाच्या मित्रांनी असा उधळला की गोठ्यातली गायसुद्धा पिवळी झाली. आबांचा सदरा, पायजमा, टोपी, सगळं पिवळंधमक! आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दूध सोसायटीच्या सभेत आबांचा सत्कार होता.

सकाळीच मी बाह्या सरसावून मोरीवर गेलो. वहिनींची पावडर वापरणं शक्यच नव्हतं. (तत्त्वाचा प्रश्न होता.) मी विचार केला, आपल्या घरात सगळ्यात चिवट घाण कोणती? दुधाच्या कॅनमधला ओशटपणा. तो कशाने जातो? कॅन धुवायच्या पावडरने. मग सगळ्यात जास्त डिटर्जन्सी कशात? उत्तर गोठ्याच्या फळीवर होतं!

उष्णतेने मळ लवकर सुटतो, म्हणून पाणी कढत घेतलं. पावडर ओंजळीने टाकली. शास्त्रात तुलना लागते, म्हणून वहिनींनी धुतलेले आबांचे स्वच्छ कपडेही कपाटातून काढले आणि त्याच टपात बुडवले. सगळे.

पाणी लाल झालं. गुलाबी वगैरे नाही, रक्तासारखं लालभडक!

कॅनची पावडर म्हणजे कडक अल्कली, आणि अल्कलीत हळद लाल होते, हे मी शाळेत शिकलो होतो. हळदीचा कागद करून प्रयोगही केला होता आणि बाईंनी माझा कागद वर्गाला दाखवला होता. पण ते परीक्षेत लिहायचं असतं, अशी माझी कुठेतरी समजूत झाली होती. टपाशी उभा असताना ते आठवलंच नाही. घाबरून मी सगळा टप मोरीत ओतला.

आमच्या मोरीचं पाणी पुढच्या रस्त्याकडेच्या गटारीत जातं. तिथून आबांचे चुलतभाऊ तुकाकाका डेअरीला निघाले होते. त्यांनी लाल पाणी बघितलं आणि मोटारसायकल तिथेच आडवी लावली.

"आबा! भायेर ये!"

"काय झालं रे?"

"काय झालं? काल भावकीला जागरनाला पुरनपोळी! आन् आज घरच्या घरी बोकड?"

"कसलं बोकड?"

"गटारीत रगत वाहतंय अन् मलाच इचारतो! आमी काय परके हाय का? एक वाटी रस्सा पाठवला असता तर काय झालं असतं?"

त्यांच्या आवाजाने आणखी चार घरं बाहेर आली. कोणीतरी तर हवेत वास घेऊन म्हणालं, "मसाला भाजलाय जनू." बोकड कापलेलं नाही, हे सिद्ध कसं करणार? शेवटी आबा मोरीत गेले आणि जे दिसलं ते दोन्ही हातांनी उचलून बाहेर घेऊन आले. लाल सदरा. मागोमाग लाल पायजमा.

"हे... हे कुनी केलं?"

"आबा, ही अल्कली आहे," मी म्हणालो.

"कोन हाय ती?" तुकाकाकांनी विचारलं.

वहिनी पदर तोंडाशी धरून पुढे आल्या. "काका, भाऊजींच्या कॉलेजचं प्रॅक्टिकल चाललंय. बोकड कापलं की पहिली वाटी तुम्हालाच." काका निवळले. म्हणजे मला वाचवण्याचं श्रेयही वहिनींनाच!

मी कपडे चोळून चोळून खळबळले. पावडर निघून गेली तशी लाली उतरली आणि सगळे कपडे पुन्हा पिवळे झाले. स्वच्छ होते तेसुद्धा! काडीचाही फरक नाही, सगळे एकसारखे. तुलना करायला काही उरलंच नाही. दादाचा सदरा आबांना खांद्यावर चढेना.

सभेत आबा टोपीपासून पायजम्यापर्यंत पिवळे, असे स्टेजवर गेले. मागून कोणीतरी "येळकोट येळकोट" म्हणालं. एका म्हाताऱ्या बाईंनी त्यांच्या पाया पडून घेतलं. चेअरमन शाल घालता घालता माईकवर म्हणाले, "आबांची खंडोबावर श्रद्धा बघा! देवाच्या रंगात आलेत!"

आबा खोटं बोलत नाहीत. त्यांनी माईक हातात घेतला.

"श्रद्धा कसली! आन् सूनबाईला कुनी नाव ठिवू नका. हे आमच्या गणेशनं केलंय. सायन्सला हाय."

सगळी सभा हसून लोटपोट झाली. चेअरमनच्या हातातली शाल खाली पडली. बायकांच्या रांगेत वहिनी डोळे पुसत होत्या, आणि मी शेवटच्या खुर्चीत जेवढं लहान होता येईल तेवढा झालो होतो.

पण एक गोष्ट मी तेव्हासुद्धा बरोबर टिपली. बाहेर झाडाला कर्णा बांधलेला होता, त्यामुळे माझं नाव अख्ख्या गावाने ऐकलं. वहिनींना मात्र आबा नुसतं ‘सूनबाई’ म्हणाले!